संध्याकाळचा एक तास पोरीचा

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



आजचं बोलणं बास्केटबॉलवर आहे. ऐकून काही जणी हसल्या असतील. बचत गटाच्या बायकांनी हप्त्याचं बोलावं, शेळ्यांचं बोलावं, हे बास्केटबॉल कुठून आलं? तर सांगतो. आमच्या गावातल्या आणि शेजारच्या दोन वाड्यांतल्या मिळून चौदा मुली गेली तीन वर्षं शाळेच्या मैदानावर संध्याकाळी हा खेळ खेळतात. त्यांना शिकवणाऱ्या आम्ही दोघी आणि त्यांच्या आया, अशा सगळ्यांनी मिळून हे बोलणं तयार केलंय. दुसऱ्या गावांतल्या गटांनी आम्हाला विचारलं होतं, 'आमच्याही शाळेत खांब आहे. मुलींना सुरू कसं करून द्यायचं, आणि मुलगी टिकते कशानं?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला वेळ लागेल.

खांब तर पुष्कळ शाळांत असतो. फळी असते, रिंग असते, जाळी केव्हाच गेलेली असते. खांबाला शेळी बांधलेली आम्ही पाहिली आहे आणि रिंगमध्ये घातलेलं गोधडीचं पिळकंही पाहिलंय. खेळ तसा आपल्याकडचा नाही. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी तो काढला. थंडीत पोरांना घरात खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. त्यांनी फळं ठेवायच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, दहा फुटांवर. ती उंची आजही तीच आहे. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिकेनं तिच्या कॉलेजातल्या मुलींना हा खेळ शिकवला. १८९३ मध्ये तिथं मुलींचा सामना झाला तेव्हा पुरुषांना आत यायला मनाई होती. म्हणजे कोण काय म्हणेल, कोण बघेल, हा प्रश्न तिथल्या पोरींनाही चुकला नव्हता. पण त्या खेळल्या.

आता शिकवण्याकडे येऊ. आधी चेंडू. शाळेच्या कपाटात बहुधा सात नंबरचा चेंडू असतो. तो मोठ्या पुरुषांचा. मोठ्या मुली आणि बायकांसाठी सहा नंबर आणि लहान मुलांसाठी पाच नंबर असतो. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात सात नंबर दिला आणि दहा फुटांवरची रिंग दाखवली की ती काय करते? चेंडू कमरेजवळ नेते आणि सगळं अंग हिसडून वर भिरकावते. चार महिन्यांनी तीच सवय हाडात बसते, मग मोडायला दोन वर्षं लागतात. लहान मुलांच्या खेळात रिंग साडेआठ फुटांवर ठेवायची पद्धत आहे. लोहाराकडून पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीची कडी करून घ्या, भिंतीला किंवा झाडाला साडेआठ फुटांवर पक्की ठोका. एवढंच. चेंडू रबरी घ्या. मातीवर चामड्याचा चेंडू टिकत नाही. हवा बरोबर आहे का ते पाहायला चेंडू डोक्याच्या उंचीवरून नुसता सोडायचा. टप्पा पडून कमरेच्या थोडा वर आला की ठीक.

कडीचं माप आम्ही मुद्दाम सांगितलं. सहा नंबरच्या चेंडूची रुंदी साधारण तेवीस सेंटिमीटर. म्हणजे रिंगमध्ये जवळजवळ दोन चेंडू शेजारी शेजारी बसतात. खालून पाहणाऱ्या पोरीला रिंग चहाच्या बशीएवढी वाटते. तिला एकदा शिडीवर चढवा आणि वरून बघू द्या. आम्ही प्रत्येक नव्या मुलीला चढवतो. उतरताना तिचा चेहरा वेगळा असतो.

चेंडू जमिनीवर आपटत पळणं, त्याला ड्रिबल म्हणतात. तळहातानं चापट मारायची नाही, बोटांनी ढकलायचं. नजर वर. शिकवताना समोर एक मैत्रीण उभी करायची. तिनं बोटं दाखवायची, तीन, पाच, दोन, आणि टप्पे देणारीनं मोठ्यानं आकडा सांगायचा. आकडा चुकला तर नजर चेंडूवर होती हे लगेच कळतं. आणि डावा हात. जेवढे टप्पे उजव्या हातानं, तेवढेच डाव्या हातानं. आपल्या पोरींना डाव्या हाताची कामं कमी सांगितली जातात, देणं-घेणंसुद्धा उजव्याच हातानं, त्यामुळे सुरुवातीला डावा हात अगदी परका असतो. सहा महिने धीर धरा. जागा मात्र कडक हवी. सारवलेल्या अंगणात चेंडू उडत नाही आणि सारवणही उखडतं. सिमेंटचं खळं, समाजमंदिराचा ओटा, शाळेचा व्हरांडा चालतो.

चेंडू हातात धरून थांबलं की एक पाय जमिनीला रोवलेला ठेवायचा आणि दुसऱ्यानं हवं तिकडे वळायचं. हे समजवायला जात्यासारखं दुसरं काही नाही. मधली खीळ जागची हलत नाही, वरची तळी गरगर फिरते. ज्या पोरींनी आजीचं जातं पाहिलंय त्यांना हे एका वाक्यात कळलं. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांना आजीकडे पाठवलं.

रिंगमध्ये टाकायची सुरुवात अगदी जवळून करा, हातभर अंतरावरून. लांबून मारायची हौस प्रत्येकीला असते, ती थोपवा. गुडघे वाकवायचे, कोपर चेंडूच्या खाली, चेंडू बोटांवर. जोर पायांतून येतो. सोडल्यावर हात वरच राहू द्यायचा आणि मनगट पुढे सैल पडू द्यायचं, दांडीवर टाकलेल्या ओल्या फडक्यासारखं. बाजूनं मारताना फळीवरच्या चौकोनाचा जवळचा वरचा कोपरा धरायचा. तिथून चेंडू आपोआप आत वळतो. एका जागेवरून दहापैकी सहा पडायला लागले की पाऊलभर मागे, त्याआधी नाही.

उडी मारून खाली येण्याकडे मात्र आयांनी स्वतः लक्ष ठेवा. खाली येताना मुलीचे गुडघे आत, एकमेकांकडे झुकतात का? झुकत असतील तर थांबवा. गुडघ्याच्या आतला मोठा सांधेबंध तुटण्याचा प्रकार याच खेळात मुलांपेक्षा मुलींत जास्त आढळतो, आणि तो तुटला की ऑपरेशन, वर्षभर घरी. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचं. 'मांजरीसारखी उतर' म्हटलं की लहान मुलीही करतात. खेळाआधी दहा-पंधरा मिनिटं हळू पळणं, उठाबशा, एका पायावर तोल, थोड्या उड्या, हे रोज झालंच पाहिजे. यानं अशा दुखापती कमी होतात.

उंचीबद्दल थोडं. 'खांबाला लोंबकळून पोरगी उंच होते' असं सगळीकडे म्हणतात. होत नाही. उंची आईबापांकडून येते आणि वाढीच्या वयातल्या खाण्यावर अवलंबून असते. उलट उंच मुलीचं एक नुकसान होतं. तिला पहिल्या दिवसापासून रिंगखाली उभी करतात, 'तू फक्त वरचे चेंडू धर.' ती ना टप्पे शिकते, ना पास. पुढच्या वर्षी तिच्याहून उंच पोरगी समोर आली की हिचं काहीच चालत नाही. आमच्याकडे चौदाही जणी सगळं शिकतात. कोण कुठं उभी राहणार ते पंधरा-सोळाव्या वर्षी बघू.

आता दुसरा प्रश्न, मुलगी टिकते कशानं.

लोक म्हणतात, डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या पोरीचा तोल छान असतो, शेतात काम करणारी पोर काटक असते, ती चांगली खेळाडू होईल. असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक हंडा वाहिलेला नसतो. चार खेपा करून आलेल्या पोरीच्या पायांत उडी उरलेली नसते. संध्याकाळी पाच ते सहा हा तिचा खेळण्याचा तास आणि नेमका तोच पाण्याचा, शेळ्या सोडवून आणण्याचा, चूल पेटवण्याचा, धाकट्याला घेण्याचा तास. भाऊ खेळायला जातो तेव्हा त्याचं काम कुणी करायचं हा प्रश्न घरात निघतच नाही, कारण त्या वेळेला त्याच्या नावावर काम नसतंच. मुलगी गेली की चुलीपाशी जागा रिकामी दिसते.

आम्ही काय केलं, तर गटाच्या बैठकीत हप्त्यांबरोबर तासांचंही बोललो. कुणाच्या घरी काय अडतं ते मांडलं. दोघींची अडचण लहान मुलांची होती, ती तिसरीच्या घरी बसवून सुटली. ती तिसरी मंगळवारी-शुक्रवारी आणि या दोघी उरलेले दिवस, अशी वाटणी झाली. पाण्याचं मात्र सुटत नव्हतं. शेवटी एका आईनं नवऱ्याला सांगितलं, 'एक खेप तुम्ही आणि बाळूनं आणा, मोटरसायकल आहे ना.' पहिल्या आठवड्यात गावात टिंगल झाली. आता तीन घरांतले पुरुष कॅन घेऊन जातात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. वेळही आधी सहा ते सात होती, ती पाच ते सहा केली, म्हणजे उजेडात घरी. दोन वाड्यांवरच्या मुलींना पोचवायला आयांची पाळी लावली.

मग पाळीचा प्रश्न आला. गटातल्या एकीची मुलगी सातवीत. पाळी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मैदान बंद. आजीचं म्हणणं, 'आता मोठी झाली, उड्या मारणं शोभत नाही, आणि पोटालाही वाईट.' आम्ही आजीशी वाद घातला नाही. गावच्या नर्सताईंना घरी घेऊन गेलो. त्यांनी सांगितलं, 'आजी, पाळीत खेळल्यानं पोटाला काही होत नाही. दुखत असेल तर त्या दिवशी बसेल, नसेल दुखत तर खेळेल. उलट हालचालीनं कित्येक जणींचं दुखणं कमी होतं.' कपड्यांचं आम्ही सांगितलं. गडद रंगाची ट्रॅकपँट चालते, हाफ पँटच हवी असं नाही. डोकं झाकून खेळायचं असेल तर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियमांतही त्याला मुभा आहे, हे आमच्या दोन मुस्लिम मैत्रिणींच्या घरी फार उपयोगी पडलं. आजी पाच आठवड्यांनी तयार झाल्या. त्यांची एकच अट होती, रोज कुणीतरी बाई मैदानावर बसलेली हवी. अट अगदी योग्य आहे, ती आम्ही सगळ्यांसाठीच लावली. शिकवणारा पुरुष असो की बाई, मैदानावर दोन मोठी माणसं हवीतच. सामन्याला परगावी जाताना आयांपैकी एक तरी बरोबर. कुणाच्या वागण्याची शंका आली तर पोरीवर आधी विश्वास ठेवायचा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे, तो आम्ही चेंडूच्या पेटीवरच लिहून ठेवलाय.

मुलींच्या अंगात रक्त कमी असतं हे तुम्हाला माहीत आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर दहा मुलींपैकी जवळजवळ सहा जणींना रक्तक्षय आढळला. अशी मुलगी मैदानाच्या दोन चकरांत धापा टाकते आणि आपण तिला आळशी म्हणतो. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते, ती तिनं जेवणानंतर घेतली का ते विचारा. जंताची गोळी चुकवू नका. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा देऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. मैदानावर जाण्याआधी काहीतरी पोटात हवं. केळं, गूळ-शेंगदाणे, सकाळची भाकरी काहीही चालेल. मुलीची सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही तर ती कमी खातेय किंवा आणखी काही बिघडलंय, डॉक्टरांना दाखवा.

आता मनाचं. यावर आम्हाला जरा जास्त बोलायचं आहे.

बास्केटबॉलमध्ये चुकणं हे रोजचं आहे. जगातले उत्तम व्यावसायिक खेळाडू घ्या. चालू खेळात त्यांनी रिंगकडे मारलेल्या चेंडूंपैकी निम्म्याहून जास्त बाहेर जातात. पैसे घेऊन खेळणारे, दिवसभर सराव करणारे, त्यांचं हे. मग आपली आठवीतली पोर दहापैकी तीन टाकते तेव्हा ती खेळाडू नाही असं कसं म्हणायचं? पण घरी गेल्यावर पहिला प्रश्न काय येतो? 'जिंकलात का?' नाही म्हटलं की, 'मग काय उपयोग, रोज तासभर घालवतेस.' त्या एका वाक्यानं काय होतं ते आम्ही मैदानावर पाहतो. दुसऱ्या दिवशी ती पोर रिंगकडे चेंडू मारतच नाही. मोकळी असली तरी पास देते. चूक आपल्या हातून होऊ नये म्हणून चेंडूच नको. लोकांना वाटतं, किती शहाणी, सगळ्यांना देते. ती घाबरलेली असते.

म्हणून आयांच्या गटात आम्ही ठरवलं की, सामना झाल्यावर त्या संध्याकाळी हरण्या-जिंकण्याचं आपण काढायचं नाही. तिनं काढलं तर ऐकायचं. जेवण वाढायचं. विचारायचंच असेल तर असं काहीतरी विचारायचं ज्याचं उत्तर तिच्या हातात होतं, 'डाव्या हातानं किती वेळा गेलीस?', 'त्या उंच मुलीला कसं अडवलंस?' रिंगमध्ये पडणं न पडणं पूर्ण तिच्या हातात नसतं. डाव्या हातानं जाणं असतं. एका आईनं सांगितलं, 'हे विचारायचं तर मला खेळ कळायला हवा.' खरं आहे. ती रविवारी येऊन बसायला लागली. आता पंचांच्या आधी फाऊल ओळखते.

फ्री थ्रो म्हणून एक प्रकार असतो. समोरच्या संघानं मारताना धक्का दिला की मुलीला रेषेवरून मोकळा चेंडू मारायला मिळतो. कुणी आडवं येत नाही, पाच सेकंदांत मारायचा, पडला तर एक गुण. सगळे थांबून तिच्याकडे पाहत असतात. मनाची परीक्षा इथं होते. आम्ही प्रत्येकीला आपापली रीत ठरवायला लावतो. कुणी तीन टप्पे देते आणि एक श्वास सोडते, कुणी चेंडू एकदा फिरवते. जी ठरली ती प्रत्येक वेळी तीच, सरावात तीच, सामन्यात तीच. हात आपल्या ओळखीचं काम करायला लागले की डोक्याला भीतीसाठी जागा कमी राहते. रोज सराव संपताना, दमलेली असताना, दहा फ्री थ्रो आणि वहीत आकडा. दमल्यावरचाच आकडा लिहायचा, ताज्या दमाचा नाही. वहीत मागच्या महिन्याशी तुलना करायची, मैत्रिणीशी नाही.

आणि आवाज. हे आम्हाला सगळ्यात अवघड गेलं. बास्केटबॉलमध्ये बचाव करताना ओरडावं लागतं. 'डावीकडे!', 'मी आहे!', 'तिला धर!' पाच जणी गप्प राहिल्या तर पाच जणी वेगवेगळ्या खेळतात. आणि आपण तर पोरीला पाळण्यापासून 'हळू बोल, हसू नको एवढी, दात दिसतात' हेच शिकवलेलं. पहिले तीन महिने आमच्या मुली खाणाखुणा करायच्या. मग एक खेळ काढला. मैदानाच्या दोन टोकांना दोघी, मधे आठ जणी टाळ्या वाजवणाऱ्या, आणि पलीकडचीनं सांगितलेलं नाव अलीकडचीला ऐकू यायला हवं. हसून हसून लोळल्या, पण आवाज फुटला. एका घरी तक्रार झाली, 'आता घरातही मोठ्यानं बोलते.' तिच्या आईनं काय उत्तर दिलं माहीत आहे? 'आत्या, बोलू द्या. रानात एकटी असली तर तोच आवाज उपयोगाचा.' सासूबाई गप्प झाल्या. पटलं का ते ठाऊक नाही.

पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर बसते. रागीट मुलीला हे लवकर शिकावं लागतं. आम्ही तिलाच शिट्टी देतो, आठवड्यातून एकदा पंच. दुसऱ्यांचे फाऊल पाहिले की स्वतःचा हात आवरतो. बाकावर बसणाऱ्या मुलींचं दुःख वेगळं. संघात बारा जणी असतात, खेळतात पाच. बसलेलीला काम द्यायचं. समोरची कोणत्या हातानं जाते, कोण दमलीय, ते बघून येणारीला सांगायचं. नुसती पाण्याची बाटली धरायला लावली तर ती पुढच्या महिन्यात येत नाही.

सगळ्याच टिकल्या असं नाही. एकीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तीही जाते. जाताना आम्ही तिला एक जुना चेंडू दिला. फडाजवळ कोपीसमोरच्या मातीत टप्पा काय पडणार. एप्रिलात आली तेव्हा पायांत ताकद होती, हातातलं सगळं गेलेलं. पुन्हा हातभर अंतरावरून सुरुवात. चार दिवस रडली, आता खेळतेय. पुढच्या हंगामात तिला मावशीकडे ठेवायचं का यावर घरात अजून बोलणं चालू आहे. दहावीनंतर एकीचं लग्न काढलं होतं. अठरा पूर्ण नव्हती. तिच्याच आईनं ते थांबवून धरलंय, गट पाठीशी आहे.

पुढे काय, असं वडील मंडळी विचारतात. पुण्याच्या शिरीन लिमये भारताच्या महिला संघाच्या कर्णधार झाल्या. वाराणसीच्या प्रशांती सिंग यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या बहिणीही खेळाडू. पंजाबातल्या बल्लो के गावच्या शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग २०१५ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेसाठी निवडला गेला. नावं सांगायला बरं वाटतं, पण आमच्या चौदांपैकी एकही तिथं पोचेल असं आम्ही कुणाला सांगत नाही. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत जिल्हा, विभाग, राज्य अशा होतात. पात्र खेळाडूंना राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. रेल्वे खेळाडू बायकांना नोकरी देते. कोणत्या पातळीची स्पर्धा धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

पूर्ण मैदान अठ्ठावीस मीटर लांब आणि दोन खांबांचं लागतं. ते नसलं तरी अडत नाही. तिघी-तिघींचा बास्केटबॉल एकाच रिंगवर, अर्ध्या मैदानात खेळतात. दहा मिनिटं किंवा आधी एकवीस गुण होतील तोवर. टोकियो ऑलिम्पिकपासून तो तिथंही आहे. सहा मुली जमल्या की सामना सुरू. एकीला लपायला जागा नसते, सगळ्यांच्या हाती चेंडू येतो. लहान गावांसाठी आम्हाला हाच जास्त पटतो.

रेषा आखायचं कसं, हे विचारलं होतं. फ्री थ्रोची रेषा फळीपासून चार मीटर साठ सेंटिमीटरवर, म्हणजे पाच वार आणि वर चार बोटांहून कमी. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीची टेप आणा. खांबापासून मोजू नका, फळी खांबाच्या पुढे आलेली असते. फळीच्या पुढच्या कडेवरून दोरीला दगड बांधून खाली सोडा, दगड टेकेल तिथं खूण करा, आणि तिथून मोजून फक्कीची रेघ ओढा. पावसाळ्यात फक्की वाहून जाते, तेव्हा दोन खुंट्या ठोकून ठेवा, जमिनीशी सपाट, कुणाला ठेच लागणार नाही अशा.